डाग घासून जात नाही : लेकरांचे दात आणि गावचं पाणी

लेकरांच्या दातांवर बोलायचं म्हटलं की सगळ्यांना वाटतं, आता ब्रश कसा करायचा ते सांगतील. तेही सांगणार आहोत. पण घाटंजीच्या आपल्या या भागात आधी एक गोष्ट समजून घेऊ : दातावरचा प्रत्येक डाग म्हणजे अस्वच्छता नव्हे.

‘दात घासत नाहीस का?’ असं चारचौघांत विचारलं की मूल तोंडावर हात ठेवून हसायला लागतं. घरी मग मीठ, कोळसा, खरखरीत मंजन असे उपाय सुरू होतात. डाग जात नाही, दाताचं वरचं आवरण मात्र झिजतं.

हा डाग येतो कुठून? यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत, विशेषतः आपल्या शेजारच्या पांढरकवडा परिसरात, भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचं अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. पाणी खडकात बराच काळ मुरत राहिलं की खडकातलं फ्लोराइड त्यात उतरतं. म्हणून एकाच गावात एका बोअरचं पाणी चांगलं आणि दुसऱ्याचं वाईट असू शकतं. चवीवरून, रंगावरून काहीच कळत नाही. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत.

आता मुख्य मुद्दा. कायमचे दात तोंडात दिसतात सहाव्या वर्षापासून, पण ते हिरडीच्या आत घडत असतात जन्मापासून. साधारण आठ वर्षांपर्यंत, अक्कलदाढा सोडल्या तर, सगळ्या दातांचं आवरण तयार होतं. त्या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर आवरण नीट घट्ट बनत नाही. दात खडूसारखा पांढरट उगवतो, पुढे तपकिरी होतो. म्हणजे डाग आज दिसला तरी बिघाड काही वर्षांपूर्वीचा असतो. घासून तो जाणार कसा?

मग कीड आणि हा डाग ओळखायचा कसा? फ्लोराइडचे डाग बहुधा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे, आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. कीड एखाद्या दाताला लागते, दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत. तिथं खड्डा पडतो, थंड-गोड झोंबतं. दोन्ही एकाच तोंडात असू शकतात. शंका असेल तर डॉक्टरला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, तेव्हा त्यांनाही दात दाखवा.

आता पाण्याचं काय करायचं? आधी तपासणी. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचा संच असेल तर त्यावर अंदाज येतो. पक्का आकडा प्रयोगशाळेतून मिळतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची ‘नालगोंडा पद्धत’ आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केली. पण तिचं माप पाण्यानुसार ठरतं, घरी अंदाजानं तुरटी टाकू नका. सगळ्यात सोपं म्हणजे गावातला चांगला स्रोत शोधायचा आणि पिण्याचं व स्वयंपाकाचं पाणी तिथूनच आणायचं. धुण्या-भांड्याला दुसरं चालेल. पाणी थोडंच मिळत असेल, तर ते आधी आठ वर्षांखालच्या लेकरांना.

तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या. आईच्या दुधात फ्लोराइड फारच थोडं उतरतं. डब्याचं दूध बोअरच्या पाण्यात कालवलं तर सगळं बाळाच्या पोटात जातं. मोठ्या लेकरांना दूध, दही, नाचणी, पालेभाज्या, आवळा, लिंबू द्या. कोरा चहा देऊ नका, चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असतं.

आणि ब्रश? तो सोडायचा नाहीच. फ्लोराइडचा डाग असला तरी कीड लागू शकते, आणि खडबडीत दातात अन्न जास्त अडकतं. सकाळी आणि रात्री झोपण्याआधी, दोन वेळा. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. गिळायची नाही, थुंकायची. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानं जवळ उभं राहावं. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नाही, आयुष्यभराची आहे, तिला जपा.

ज्या लेकरांच्या दातांवर डाग आलेच आहेत, त्यांचं काय? दंतवैद्य डाग फिके करू शकतात, झाकू शकतात. ते मोठेपणीही होतं. तोवर शिक्षकांनी आणि आई-वडिलांनी एवढं करावं : त्या लेकराला रागावू नये. दोष त्याचा नाही. आणि त्याच्या पाठच्या भावंडाचे दात अजून हिरडीत घडताहेत, म्हणून घरचं पाणी याच आठवड्यात तपासायला द्यावं.