पोटापाण्याचा परवाना

परवाना हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. दरबारातून सुटलेल्या हुकुमाच्या कागदाला परवाना म्हणत. दरबार गेले, कागद राहिला. आज मोटार हाकायची, औषधाचे दुकान घालायचे, विजेची जोडणी करावयाची, तर परवाना लागतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आम्हालाही वाटत नाही. ज्याला बॉयलरचे काम येत नाही त्याच्या हाती बॉयलर दिला म्हणजे काय होते, हे कामगार संघटनेच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. जीव जातो तो कामगाराचाच.

पण परवान्याच्या जाती दोन आहेत, आणि कायद्याच्या पुस्तकात त्या एकाच नावाने नांदतात. एक परवाना माणसाला विचारतो, ‘तुला हे काम येते काय?’ दुसरा विचारतो, ‘जागा शिल्लक आहे काय?’ पहिल्याचे उत्तर माणसाच्या हाती असते. शिकावे, परीक्षा द्यावी, नापास झाल्यास पुन्हा बसावे. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या हाती नसते. संख्या आधीच ठरलेली असते आणि ती भरली की उत्तम कारागीर आणि अगदी नवखा दोघेही दाराबाहेर सारखेच. आम्हाला येथे बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या जातीविषयी, कारण तिचा भार पडतो तो ज्यांच्याजवळ भांडवल म्हणून एक पाटी आणि दोन हात आहेत त्यांच्यावर.

मुंबईच्या फेरीवाल्यांचे उदाहरण घेऊ. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात ३१३-अ हे कलम आहे. रस्त्यावर माल विकावयाचा तर आयुक्तांचा परवाना हवा, असे ते सांगते. त्याच्या शेजारचे ३१४ वे कलम परवान्यावाचून मांडलेला माल नोटिशीशिवाय उचलण्याचा अधिकार देते. ही कलमे वाचताना असे वाटते की, ज्याला धंदा करावयाचा आहे त्याने अर्ज करावा, फी भरावी आणि परवाना घ्यावा. प्रत्यक्षात १९७८ पासून पालिकेने नवे परवाने देणे जवळजवळ थांबविले. जुने परवानेधारक होते ते पंधरा हजारांच्या आसपास. म्हणजे कायदा म्हणतो, परवाना काढ. कचेरी म्हणते, परवाना मिळत नाही. आणि रस्त्यावरची गाडी म्हणते, परवाना नाही तर माल उचल.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. त्या संपाची बरीवाईट चर्चा पुष्कळ झाली आहे, तिच्यात आम्ही येथे शिरत नाही. पण गिरण्यांतून बाहेर पडलेले हजारो लोक गेले कोठे, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. काही गावी गेले, काही पहारेकरी झाले, आणि पुष्कळांनी पदपथावर पाटी मांडली. जो माणूस पंधरा वर्षे साच्यावर उभा राहून हजेरीपटावर सही करीत होता, तो एका रात्रीत ‘अनधिकृत’ झाला. त्याने काही गुन्हा केला नव्हता. त्याचे दार त्याच्या आधी चार वर्षे बंद झाले होते, इतकेच.

१९९८ च्या सुमारास टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि ‘युवा’ यांनी पालिकेसाठी मोजणी केली. पालिकेच्या जागेवर बसणारे फेरीवाले निघाले एक लाख दोन हजारांहून अधिक. म्हणजे सातांतील एकापाशी परवाना, सहा बिनपरवाना. ज्या नियमाने सातांपैकी सहा माणसे गुन्हेगार ठरतात, त्या नियमाने रस्ता मोकळा ठेवला असे कोण म्हणेल?

मधल्या काळात, १९८८ मध्ये, पालिकेने एक तोड काढली होती. बिनपरवाना फेरीवाल्याकडून रोजचे ठरीव पैसे घ्यावयाचे आणि त्याला पावती द्यावयाची. त्या वसुलीचे नाव ‘अनधिकृत जागा व्यापल्याचा व केर उचलण्याचा आकार’ अशा अर्थाचे होते. सरकारी भाषेची ही करामत पाहण्यासारखी आहे. पैसे घेतले, केर उचलला, पावती दिली, आणि त्याच पावतीवर लिहून दिले की तू येथे असावयास नको होतास! पुढे ही पद्धत बंद पडली. पण कित्येकांनी त्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या, कारण आपण या जागी इतकी वर्षे बसतो याचा त्यांच्याजवळचा तेवढाच कागदी पुरावा होता.

आता या परवान्याचा भार रुपयांत कसा पडतो ते पाहावे. समजा, एका बाईने पहाटे दादरच्या घाऊक बाजारातून आठशे रुपयांची भाजी उचलली. पैसे घरचे नाहीत. रोजच्या व्याजाने आणलेले आहेत. दहा वाजता ‘गाडी आली’ अशी हाक उठली. ती पळाली, पण पाटी गेली. त्या दिवशीचा नफा गेला असे लोक म्हणतात. नफा नव्हे, मुद्दल गेले. संध्याकाळी सावकाराला द्यावयाचे आठशे आणि वर व्याज तसेच उभे आहे, आणि उद्याच्या भाजीला नवे कर्ज हवे. हे टाळण्यासाठी ती काय करील? गाडी कधी येणार हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी ती समेट करील. यालाच आपण हप्ता म्हणतो. हप्ता ही एखाद्या शिपायाच्या दुष्टपणाची गोष्ट आहे असे समजणे भोळेपणाचे होईल. शिपाई बदलतो, हप्ता बदलत नाही. ज्या वस्तूची गरज लाखाला आहे आणि पुरवठा पंधरा हजार आहे, तिची किंमत कोठेतरी वसूल होणारच. परवान्याची फी पालिकेच्या तिजोरीत जाते, हप्ता तेथे जात नाही.

कोणी म्हणेल, पदपथ चालण्यासाठी आहेत, म्हाताऱ्या माणसांनी काय मोटारींच्या खाली जावे? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यानंतर उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीचा धंदा नको असा निर्णय दिला. जागेवर बंधन घाला, वेळेवर घाला, पाटी किती रुंद असावी यावर घाला, अन्न विकणाऱ्याच्या पाण्यावर आणि भांड्यावर घाला. ही बंधने पाळता येतात. ‘आणखी माणूसच नको’ हे बंधन पाळता येत नाही, कारण त्या माणसाचे पोट त्याच्याबरोबरच येते.

रिक्षाची कथा याच वळणाची आहे, पण तिच्यात एक गाठ आहे. मुंबई आणि आसपासच्या शहरांत १९९७ मध्ये नवी परमिटे देणे थांबविले गेले. मधे रद्द झालेल्या परमिटांची सोडत निघाली तेवढीच. दार पुन्हा उघडले ते २०१७ मध्ये. या वीस वर्षांत परमिट हीच मिळकत झाली. ज्याच्या नावे परमिट तो घरी, आणि रिक्षा चालविणारा दुसराच. तो पाळीगणिक भाडे भरणार, उरेल ते स्वतःचे. स्टीअरिंगवर बसणाऱ्याच्या घामातून कागदाचे भाडे निघत होते. २०१७ नंतर परमिट मागेल त्याला मिळू लागले तेव्हा पुष्कळ चालक मालक झाले, हे खरे. आणि स्टँडवरची रांग लांबली, एकेकाच्या वाट्याचे भाडे घटले, हेही खरे. रिक्षाचालकांच्या संघटनांनी परमिटे पुन्हा बंद करा अशी मागणी केली, ती काही खोटेपणाने नव्हे.

आत असलेल्या माणसाला दार बंद हवे असते. कामगार चळवळीने या प्रश्नाकडे सरळ पाहिले पाहिजे. आमच्या सभेला येणारा, वर्गणी देणारा, मत देणारा सभासद आत असतो. बाहेरच्याचे नाव आमच्या वहीत नसते. अमेरिकेत हे आमच्याहून पुढे गेले आहे. तेथे १९५० च्या दशकात शंभरातील पाचांच्या आसपास कामगारांना सरकारी परवाना लागे. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने काढलेल्या अहवालानुसार तो चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना लागू लागला होता. लुइझियाना राज्यात फुलांची रचना करून विकण्यासाठीसुद्धा प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि तिचे परीक्षक कोण? आधीच परवाना मिळालेले फुलवाले! २०१० मध्ये ती परीक्षा रद्द झाली. गुलाबाने कोणाला इजा होते म्हणून ती ठेवली होती, ते आम्हाला अद्याप उमगलेले नाही.

आपल्याकडील न्यायालयांनी या बाबतीत पुष्कळ काम केले आहे. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८५ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात परवान्याची कलमे कायम ठेवली, पण त्याचबरोबर धंद्यासाठी क्षेत्रे आखण्याची योजनाही मांडली. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रस्त्यावर माल विकणे हा घटनेच्या एकोणिसाव्या कलमाखालचा हक्क आहे, त्यावर वाजवी बंधने घालता येतील. शेवटी २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. आमच्या मते तो चांगला कायदा आहे. आधी मोजणी करा, तोवर कोणाला उठवू नका, असे तो म्हणतो. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, असे म्हणतो. २०११ च्या जनगणनेने मुंबईत हा आकडा तीन लाखांवर जातो. प्रमाणपत्र भाड्याने देता येणार नाही, धंदा स्वतः किंवा घरच्यांनीच करावयाचा, हीही अट त्यात आहे. रिक्षाच्या परमिटाचे जे झाले ते येथे होऊ नये म्हणून ती मोलाची आहे. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्यास त्याच दिवशी परत द्यावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आमच्या भाजीवालीला हे कलम कोणी वाचून दाखविले असते तर!

आणि अंमल? मुंबईत २०१४ च्या मोजणीत सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीत पात्र ठरले पंधरा हजारांच्या घरात. पुष्कळ जण अडले ते अधिवासाच्या दाखल्यावर. ज्याचे घर झोपडपट्टीबरोबर दोनदा हलविले गेले त्याने पंधरा वर्षांचा पुरावा आणावयाचा कोठून? १९७८ चा आकडा आणि हा आकडा जवळजवळ एकच निघावा, हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. ती निवडणूक मुंबईत २०२४ च्या ऑगस्टमध्ये झाली तेव्हा मतदारयादी सुमारे ३२ हजारांची होती. ज्यांची छाननी चुकली असे ज्यांचे म्हणणे, त्यांतील बहुतेक त्या यादीत नव्हते. म्हणजे दाराबाहेरच्यांचा निर्णय याही वेळी आतल्यांच्या मतांवर.

हा कायदा एकट्या मुंबईचा नाही. निदान पाच वर्षांतून एकदा मोजणी करणे तो प्रत्येक शहराला बंधनकारक करतो. आपल्या नगरपालिकेने शेवटची मोजणी कधी केली, किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, पथविक्रेता समितीच्या सभा किती झाल्या, हे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली कोणाही नागरिकाला दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. अर्ज करणारा स्वतः फेरीवाला असावा लागत नाही.