छुपे फॅन, मिरवणारे फॅन

क्रिकेटची जर्सी घालून लोकलमध्ये चढलात, तर कुणी वळूनही बघत नाही. ॲनिमेचा टी-शर्ट घाला, ‘अजून कार्टून बघतोस?’ हे ठरलेलं! पण ॲनिमेच्या माहेरी, जपानमध्येही हे वेड लपवावं लागलंय बरं का.

तिथे अशा वेड्यांना ओताकू म्हणतात. 1989 मध्ये लहान मुलींच्या खुनांच्या प्रकरणात एकजण पकडला गेला. त्याच्या खोलीत हजारो व्हिडिओ टेप सापडल्या, त्यांत ॲनिमेही होतं. माध्यमांनी त्याला ‘ओताकू खुनी’ म्हटलं आणि हा शब्द शिवीसारखा झाला. आवड तीच, पण ती सांगायची किंमत वाढली. कोण कशाला सांगेल? लपून राहणाऱ्यांना ‘काकुरे ओताकू’, म्हणजे छुपे ओताकू, असं नावच पडलं.

2005 मध्ये ‘देन्शा ओतोको’ ही लाजाळू ओताकूची प्रेमकथा सिनेमा आणि टीव्ही मालिका म्हणून गाजली, लोकांची नजरही जरा निवळली. आता काहीजण आवडत्या पात्राच्या बिल्ल्यांनी गच्च भरलेली बॅग खांद्याला लावून फिरतात. तिचं नाव ‘इताबॅग’. ‘इताई’ म्हणजे दुखतंय! बघणाऱ्याला कसंतरी व्हावं इतकी भडक. लोकांनी मारायचा टोमणा फॅननी स्वतःच बॅगेला चिकटवून टाकला.