घटोत्कचाची कॅरेक्टर शीट

२०२४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं नवं ‘प्लेयर्स हँडबुक’ आलं. त्यात खेळाडूला दहा प्रजातींमधून आपलं पात्र निवडता येतं: माणूस, एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग, नोम, ऑर्क, ड्रॅगनबॉर्न, टीफ्लिंग, गोलायथ आणि आसिमार. कुणाला शिंगं आहेत, कुणाच्या अंगावर खवले आहेत. पण दहाही जण दोन पायांवर चालतात आणि दोन हातांनी शस्त्र धरतात. बहुतेकांची चालसुद्धा सारखीच, एका फेरीत तीस फूट.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन जग आणि प्रसंग उभे करतो, बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलतात आणि ठरवतात, जिंकलो की हरलो हे वीस बाजूंचा फासा सांगतो. पात्राची ताकद, कौशल्यं, सामानसुमान ज्या कागदावर असतं तो ‘कॅरेक्टर शीट’. खर्च होते ती फक्त कल्पना. असं असताना दहाच्या दहा पर्याय माणसाच्याच अंगाचे का असावेत, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

सुरुवात इतकी आखडती नव्हती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये तीन छोट्या पुस्तिकांचा संच काढला. त्यात माणसाखेरीज एल्फ, ड्वॉर्फ आणि हॉबिट एवढेच वंश दिले होते, पण खेळाडूला जवळजवळ काहीही होता येईल, अगदी ड्रॅगनसुद्धा, अशी मुभाही होती. अट एकच, कोवळ्या, दुबळ्या ड्रॅगनपासून सुरुवात करायची. आर्नेसनच्या ब्लॅकमूर या जगात एक खेळाडू सर फँग नावाचा व्हॅम्पायर खेळायचा. तो इतका डोईजड झाला की त्याला आवरण्यासाठी एक नवा पेशा काढावा लागला. आजचा ‘क्लेरिक’ तिथून आला. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये मात्र गायगॅक्सचा सूर पार पालटला. हा खेळ माणसाभोवतीच फिरला पाहिजे, आणि अक्राळविक्राळ पात्र मागणाऱ्याला बहुधा फक्त ताकद हवी असते, असं त्याने मांडलं. पाच वर्षांत दार लोटलं गेलं.

त्याची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण वेगळं शरीर नियमांना खरोखर जड जातं. सेंटॉर घ्या. २०१८च्या रॅव्हनिका या जगावरच्या पुस्तकात तो खेळायला मिळाला. कमरेखाली घोडा, चाल चाळीस फूट. मोकळ्या माळावर माणूस त्याला गाठू शकत नाही. आता त्याला शिडीपाशी आणा. माणसाला चढताना दर फुटामागे एक फूट जादा मोजावा लागतो, म्हणजे तीस फुटांच्या चालीत तो पंधरा फूट चढतो. हातापायांनी चढायचं असेल तर सेंटॉरला दर फुटामागे चार फूट जादा. चाळीस भागिले पाच, फक्त आठ फूट. शिडीवर खुरांची होणारी सगळी तारांबळ त्या एका ओळीच्या नियमात उतरली आहे. असा नियम वाचला की लिहिणाऱ्याने त्या शरीरात शिरून विचार केला होता हे कळतं.

पण त्याच पुस्तकाने सेंटॉरला आकाराने ‘मीडियम’ ठरवलं, म्हणजे नकाशावर पाच फुटांच्या एका चौकोनात बसवलं. घोडा ‘लार्ज’, अर्धा घोडा ‘मीडियम’! कारण उघड आहे. ‘लार्ज’ जीव चार चौकोन व्यापतो. पाच फुटांच्या बोळात तो अडकतो, त्याचे वार चुकतात, त्याच्यावरचे मात्र लागतात. आणि बाहेर मोकळ्यावर आला की त्याच्या भल्यामोठ्या हत्यारापुढे सोबत्यांची हत्यारं खेळण्यातली वाटतात. म्हणून ओगर आणि ट्रोल बाहेरच राहिले. गोलायथला नव्या पुस्तकात अनुभवाच्या पाचव्या पातळीपासून एक सवलत मिळाली आहे, दहा मिनिटांपुरतं ‘लार्ज’ होण्याची. उडणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. पहिल्याच दिवशी पंख असले तर खड्डा, भिंत, नदी यांपैकी काहीच आडवं येत नाही.

शरीराच्या अडचणी समजू शकतात. जन्मानेच दुष्ट ठरवून दार बंद करणं मला पटत नाही. नोल हे तरसाच्या तोंडाचे लोक. चौथ्या आवृत्तीत ते खेळता येत होते. पाचव्या आवृत्तीने त्यांना दैत्याच्या भुकेतून जन्मलेले, सुधारणेपलीकडचे ठरवलं, आणि २०२५च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तर त्यांची गणना सरळ ‘फीन्ड’, म्हणजे सैतानी जीव, म्हणून झाली. प्रतिस्पर्धी ‘पाथफाइंडर’ने याच लोकांना २०२१मध्ये ‘म्वांगी एक्स्पान्स’ या पुस्तकात खेळाडूंच्या हाती दिलं. तिथे आपल्या मेलेल्यांची हाडं ते आदराने जवळ बाळगतात. त्याच पुस्तकात आनादी आहेत: मुळातले कोळी, जे परक्यांनी घाबरू नये म्हणून माणसाचं रूप घ्यायला शिकले. तरस तेच, कोळी तोच. लिहिणाऱ्याने त्यांना घर, पूर्वज आणि लाजबुजरेपणा दिला.

मग राक्षसाकडे यावंच लागतं, कारण हा शब्द अमेरिकेने आपल्याकडून नेला. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधला राक्षस वाघाच्या तोंडाचा आहे, तो विश्वासातल्या माणसाचं रूप घेतो आणि मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरतो. रामायण-महाभारतात असा बाण सापडणार नाही. तो सापडतो १९७४च्या डिसेंबरात दाखवलेल्या ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागात. तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित नियमांनी राक्षस खेळायची वाट ठेवली होती खरी, पण मुळातले सात हिट डाइस (म्हणजे सात पातळ्यांइतकं बळ) आणि त्यावर सात पातळ्यांचा अधिभार, म्हणजे थेट चौदाव्या पातळीचं पात्र. बहुतेक खेळ तिथवर पोचण्याआधीच मोडतात. वानरांचं नशीब थोडं बरं. ते २००१च्या ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’मध्ये होते, आणि ‘पाथफाइंडर’च्या २०२२च्या ‘इम्पॉसिबल लँड्स’मध्ये नागाजी आणि विषकन्यांसोबत पुन्हा आले.

आपल्याकडे या मंडळींची कुंडली जन्मावर संपत नाही. बिभीषण राक्षसच, हिडिंबाही राक्षसीच. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा तर भुतांचा अधिपती, आणि तोच गावाचा राखणदार. रात्री गावभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. असा वेताळ खेळायला मिळाला तर मी एल्फाकडे ढुंकूनही बघणार नाही.

परकं शरीर आणि परकं मन पुरतं कसं लिहावं, याचा धडा फार पूर्वी दिला गेलाय. ‘रूनक्वेस्ट’ हा असाच दुसरा खेळ १९७८चा, आणि त्यातल्या ट्रोलांवरचा ‘ट्रोलपॅक’ हा संच १९८२चा. हे ट्रोल अंधाराची लेकरं. त्यांना सदाची भूक. डोळ्यांपेक्षा ते आवाजाच्या आधाराने अंधार चाचपतात. एका शापामुळे त्यांच्या आयांच्या पोटी खुरटी, दुबळी पोरं जन्मतात आणि सगळा समाज त्या दुःखाभोवती उभा आहे. असा ट्रोल खेळायचा तर जेवण, जन्म, उजेड, सगळंच वेगळ्या नजरेने पाहावं लागतं.

याच्या उलट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये केंकूचं झालं. पंख गमावलेले हे पक्षिजन २०१६च्या पुस्तकात फक्त ऐकलेल्या आवाजांतूनच बोलू शकत: कुणाच्या आईची हाक, दाराची करकर, तलवारीचा खणखणाट, यांतून जोडून काढलेलं वाक्य. खेळायला अवघड, पण तोडच नव्हती. २०२२मध्ये ते बंधन निघालं आणि केंकू इतरांसारखाच बोलू लागला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून राक्षस खेळात आणायचा तर त्याची धार राखूनच आणावा, आणि सगळी सामग्री महाभारतात तयार आहे. घटोत्कच जन्मताच तरुण झाला, तेव्हा पहिल्या पातळीचं पात्र वयाने दोन दिवसांचं असायलाही हरकत नाही; अंग पहिलवानाचं, जगाचा अनुभव शून्य. राक्षसाचं बळ रात्री वाढतं, म्हणून सूर्यास्तानंतर ताकदीचा फासा दोनदा टाकून वरचा आकडा घ्यावा, आणि दिवसा ती सवलत नाही. आठवण काढाल तेव्हा येईन हे त्याने वडिलांना दिलेलं वचन. त्यासाठी सोबत्यांपैकी एकाचं नाव शीटवर लिहून ठेवायचं. त्याने हाक दिली की हातातलं काम टाकून जायलाच हवं, मग समोर खजिना असो. आणि शेवट. युद्धाच्या चौदाव्या रात्री कर्णाची शक्ती लागल्यावर मरता मरता त्याने देह अफाट वाढवला आणि कौरवांच्या एका अक्षौहिणीवर कोसळला. हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव मोजणारे गुण, शून्यावर आले की राक्षसाने आयुष्यात एकदाच ‘लार्ज’च्याही पुढे जाऊन ‘ह्यूज’ व्हावं, नकाशावरचे नऊ चौकोन व्यापावेत, आणि ते नऊ कोणते हे त्या खेळाडूनेच ठरवावं.