रात्रीच्या आकाशाचे टाइमलॅप्स छायाचित्रण : साहित्याची पूर्वतयारी

टाइमलॅप्स छायाचित्रण म्हणजे एकाच जागेवरून ठरावीक अंतराने अनेक छायाचित्रे घेऊन ती सलग, वेगाने दाखवण्याचे तंत्र. या तंत्राने तारकांचे उदयास्त आणि आकाशगंगेचे सरकणे काही सेकंदांत पाहता येते. एरवी छायाचित्र फसले तर लगेच दुसरे घेता येते. येथे मात्र कॅमेरा तीन-चार तास अखंड काम करत असतो आणि मध्येच व्यत्यय आला तर सारी मालिका तुटते. म्हणून हौशी छायाचित्रकाराचे निम्म्याहून अधिक काम सूर्यास्तापूर्वीच उरकलेले असावे लागते.

रात्रींची टंचाई

चंद्रप्रकाशात फिके तारे लोपतात, त्यामुळे अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडल्या जातात. आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग धनू राशीच्या दिशेला आहे. तो सायंकाळपासूनच दिसतो ते महिने महाराष्ट्रात नेमके पावसाळ्याचे असतात. मार्चमध्ये हा भाग मध्यरात्रीनंतर उगवतो, तर मेच्या मध्यास रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास. पावसाळ्यापूर्वीच्या सोयीच्या अमावास्या अशा रीतीने जेमतेम तीन उरतात. विसरलेल्या एका तारेपायी रात्र वाया गेली, तर पुढच्या संधीसाठी महिनाभर थांबावे लागते. शहरी उजेडापासून दूर जाणेही आवश्यक असते. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आहे.

हिशेब

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर तासाला १५ अंश सरकताना दिसते. शटर फार वेळ उघडे राहिल्यास तारे बिंदूंऐवजी रेघा होतात. स्थूल नियम असा की, ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागले असता शटर उघडे ठेवण्याची कमाल सेकंदे मिळतात. पूर्ण आकाराच्या संवेदकावर २० मिमी भिंगासाठी ती २५ येतात. लहान संवेदकासाठी यापेक्षा कमी धरावी लागतात. २५ सेकंदांचे छायाचित्र आणि ५ सेकंदांचा विराम धरल्यास तीन तासांत ३६० छायाचित्रे होतात. सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने त्यांची चित्रफीत अवघी १५ सेकंद चालते! प्रत्येक रॉ फाइल २५ एमबीची धरली तरी मेमरी कार्डावर सुमारे ९ जीबी जागा मोकळी हवी.

साहित्य

ट्रायपॉड वजनदार असावा. त्याचा मधला दांडा उंच करू नये; वाऱ्यात तोच आधी हलतो. ठरावीक अंतराने शटर उघडण्यासाठी इंटरव्हलोमीटर लागतो. काही कॅमेऱ्यांत ही सोय अंगचीच असते.

सर्वाधिक घात होतो तो विजेच्या बाबतीत. कॅमेऱ्याची एक बॅटरी बहुधा रात्रभर पुरत नाही, आणि थंडीत तिची क्षमता आणखी घटते. मध्येच बॅटरी बदलताना कॅमेरा किंचित जरी हलला, तरी चित्रफितीत आकाश उडी मारते. त्यामुळे बॅटरीच्या जागी बसणारा जोड वापरून पॉवर बँकेतून वीज घेणे श्रेयस्कर.

दुसरा शत्रू दव. निरभ्र, निवांत रात्री भिंगाची पुढची काच उष्णता उत्सर्जित करून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर बाष्प साचते. कोकणात व घाटमाथ्यावर हा त्रास विशेष. काच पुसल्याने दव तात्पुरते जाते आणि कॅमेरा मात्र हलतो. भिंगाभोवती मंद उष्णता देणारा पट्टा सुरुवातीपासूनच बांधणे हाच खरा उपाय. त्याला लागणारी वीज आधीच हिशेबात धरावी लागते.

जुळणी

अंधारात स्वयंचलित फोकस चालत नाही आणि भिंगावरील अनंताची खूणही पुष्कळदा किंचित चुकीची असते. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून तो सर्वांत बारीक दिसेपर्यंत कडे हाताने फिरवावे व तेथेच चिकटपट्टीने पक्के करावे. उष्णतेचा पट्टा बांधून झाल्यावर फोकस पुन्हा तपासावा, कारण पट्टा गुंडाळताना कडे सरकू शकते. कंपनरोधन व आपोआप बंद होण्याची सोय निष्क्रिय करावी आणि श्वेत-संतुलन ठरावीक मूल्यावर ठेवावे. दीर्घ प्रकाशनानंतर चित्रातील कण कमी करणारी सोयही बंद ठेवावी. ती प्रत्येक छायाचित्रानंतर तेवढाच वेळ एक काळे छायाचित्र घेते आणि मालिकेत मोठी खिंडारे पाडते.

डोळे अंधाराला पुरते सरावण्यास अर्धा तास लागू शकतो, म्हणून विजेरी मंद तांबड्या प्रकाशाची घ्यावी. निघण्यापूर्वी घराच्या गच्चीवर सर्व तारा जोडून तासभर मालिका चालवून पाहण्याची पद्धत अनुभवी मंडळींत आहे. शहराच्या उजळ आकाशात तारे फारसे टिपले जात नाहीत, परंतु सैल जोड, अर्धवट भारित पॉवर बँक आणि चुकीचा मध्यांतर तेथेच उघडकीस येतात.