लॅपटॉपला नेट का लागत नाही?

गटाची माहिती भरायचा शेवटचा दिवस, आणि लॅपटॉप म्हणतो नेट नाही! लगेच दुरुस्तीच्या दुकानाकडे धावू नका. ज्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावलाय, त्यावरच एखादे पान उघडून पाहा. तिथेही उघडले नाही तर लॅपटॉपचा दोष नाही; पॅक संपलाय किंवा रेंज नाही. अहो, आमच्या पुण्यातही जुन्या वाड्याच्या जाड भिंतीआड रेंज जाते, मुळशी-भोरच्या डोंगरात तर विचारूच नका. मोबाईल खिडकीत ठेवा, हॉटस्पॉट बंद करून पुन्हा लावा. लॅपटॉपवर विमानाचे चिन्ह दिसले तर ते बंद करा. चुकून दाबले जाते.

नेट लागलेय, पण बँकेचे पान उघडताना 'सुरक्षित नाही' असा इशारा येतो? मग तारीख बघा. जुन्या लॅपटॉपमधला छोटा सेल उतरला की त्याचे घड्याळ मागे पडते. बँकेच्या पानाला ओळखपत्रासारखे, ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र असते. लॅपटॉपची तारीखच चुकीची असली, की त्याला ते मुदतीत बसत नाहीसे वाटते. तारीख-वेळ नीट करा आणि पान पुन्हा उघडा. तरीही इशारा आलाच, तर तो ओलांडून गटाचा पासवर्ड मात्र टाकू नका. सरळ शाखेत जा.