मागून धर!

“मागून धर बे. ओढू नको!”

गोल करवतीच्या आवाजावर आवाज चढवून हे वाक्य ओरडावं लागतं. ओरडणारा मिस्त्री करवतीच्या पुढे उभा असतो, दोन्ही हात फळीवर ठेवून. ज्याला तो ओरडतो तो पोरगा करवतीच्या मागे, चिरून येणारी फळी झेलायला हात पसरून. कळंबसारख्या तालुक्याच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या सुतारकामाची ही रोजची मांडणी आहे: एक यंत्र, दोन माणसं आणि त्यांच्या मधोमध फिरणारं पातं. पुढे उभ्या असलेल्या मिस्त्रीच्या कसबाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मागच्या पोराच्या जागेबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

कळंब म्हटलं की बाहेरच्या माणसाला चिंतामणी आठवतो. नागपूर–यवतमाळ रस्त्यावरचं हे गाव, जमिनीच्या पातळीखाली उतरून जावं लागणारं गणपतीचं मंदिर, चक्रावती नदी. २८ फेब्रुवारी २०२४ला वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं आणि गावाचं नाव रेल्वेच्या फलकावर आलं. बाकी सगळा मुलूख कापसाचा आणि जिल्ह्यातलं जंगल सागाचं. त्यामुळे इथल्या सुताराकडे दोन प्रकारची कामं येतात. घरांच्या चौकटी, दारं, देव्हारे हे एक; वखर, डवरे, तिफन, बंडीची दुरुस्ती हे दुसरं. तान्हा पोळा जवळ आला की उरल्यासुरल्या तुकड्यांतून लाकडी नंदी उभे राहतात. या सगळ्याची सुरुवात एकाच क्रियेने होते: लांब फळी उभी चिरणं.

चिरण्यासाठी हल्ली बहुतेक ठिकाणी जोडयंत्र असतं. बिडाच्या एका धडावर एका बाजूला रंधा, दुसऱ्या बाजूला गोल करवत, खाली मोटर आणि पट्टा. सुतार त्याला रंधा मशीन म्हणतात, कुणी कटर म्हणतात. पुढून फळी ढकलायला थोडी जागा असते. पात्याच्या मागे मात्र टेबल जेमतेम वीत-दीड वीत उरतं. यंत्राची किंमत आणि जागा वाचवायची म्हणून ते आखूड केलेलं असतं. उरलेलं टेबल म्हणजे पोराचे दोन हात.

आठ फूट लांब, आठ इंच रुंद, दोन इंच जाड सागाची फळी घेतली तर तिचं वजन साधारण १६ किलो भरतं. पहिले तीन फूट ती गुमान जाते. मग तिचा पुढचा भाग टेबलाबाहेर लोंबू लागतो. अर्ध्याहून जास्त वजन कडेपलीकडे गेलं की पुढचं टोक खाली आणि मिस्त्रीच्या हातातलं टोक वर, अशी ती तराजूसारखी कलते. आता मिस्त्रीने काय करायचं? तो फळी दाबून धरतो, आणि दाबण्यासाठी फिरत्या पात्यावरून पुढे वाकतो. सुतारकामात माणसाने जे कधीच करू नये ते त्याला हे आखूड टेबल करायला लावतं.

इथे पात्याचा स्वभाव नीट पाहायला हवा. मिस्त्रीकडच्या बाजूचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून ठेवतात. मागच्या बाजूचे दात मात्र टेबलातून वर येतात. चिरलेली भेग मागे मिटली, किंवा फळी कलून त्या वर येणाऱ्या दातांवर टेकली, की ते तिला उचलतात आणि मिस्त्रीच्या दिशेने फेकतात. दहा इंची पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या पुढे जातो. भेग मिटू नये म्हणून पात्याच्या मागे, शक्य तितकी जवळ, पोलादी पाचर असावी लागते. ही पाचर काढून ठेवलेली यंत्रं पाहिली की पोटात गोळा येतो.

मागचा पोरगा या सगळ्यात मदतच करायला उभा असतो. पण मिस्त्रीची घाई त्याच्याही अंगात शिरते आणि तो फळी ओढतो. ओढताना ती तसूभर डावी-उजवी झाली की भेगेची एक बाजू पात्याला घासते. फळी उलट उडाली आणि त्याची पकड घट्ट असली, तर त्याचा हात फळीबरोबर पात्याकडे खेचला जातो. त्याची बोटं पात्यापासून किती दूर आहेत, एवढ्यावर सगळं ठरतं.

हे अंतर किती असावं याचा आकडा ब्रिटनने १९७४ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी केलेल्या नियमांत घातला होता. गोल करवतीवर दुसरा माणूस कापलेलं लाकूड काढून घेत असेल, तर त्याने फक्त टेबलाच्या मागच्या टोकालाच उभं राहायचं. आणि रोलर लावून किंवा अन्य रीतीने टेबल असं वाढवायचं की वर येणाऱ्या दातांपासून त्या टोकापर्यंत किमान १२०० मिलिमीटर अंतर राहील. म्हणजे चार फुटांना थोडं कमी. एवढ्या लांब उभ्या असलेल्या माणसाने हात पूर्ण लांबवला तरी तो पात्याला पोचत नाही. लाकडाला आधार म्हणून आपण जे टेबल पाहतो, ते या नियमाच्या डोळ्यांनी माणसासाठीचं कुंपण आहे. आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्याचं कलम २१ यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालायला सांगत होतं. मात्र त्या कायद्याची मूळ व्याख्या विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांपासून सुरू होत होती. दोन माणसांची शेड त्यात बसत नव्हती. तिथे आकडा मिस्त्रीनेच पाळायचा.

या आकड्यात सुताराच्या कामाचं आणखी एक गणित दडलेलं आहे. प्लायवूडचा ताव आठ फुटी, म्हणजे २४४० मिलिमीटरचा. तो पात्यातून पूर्ण बाहेर पडतो तेव्हा त्याचा मध्य पात्याच्या मागे १२२० मिलिमीटरवर असतो. टेबल १२०० असेल तर मध्य कडेच्या २० मिलिमीटर पुढे, आणि ताव डुगडुगतो. अठरा मिलिमीटर जाडीच्या अख्ख्या तावाचं वजन ३० किलोच्या आसपास असतं. तेवढं ओझं करवतीपाशी डुगडुगणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून ज्याच्याकडे आठ फुटी माल येतो त्याने टेबल साडेचार फूट धरावं. जागा असेल तर पाच.

आता निवड. बाजारात सगळ्यात सहज मिळतो तो एका खांबावरचा रोलर. घडी होतो, कोपऱ्यात उभा राहतो, उंची कमी-जास्त करता येते. घाईच्या कामाला तो बरा वाटतो, पण त्याच्या खोडी दोन. पातळ फळीचं टोक त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर वाकलेलं असतं. ते रोलरच्या वर न चढता त्याच्या पोटात धडकतं आणि सगळा खांब आडवा होतो. दुसरी खोड छुपी आहे. रोलर फळीच्या वाटेला काटकोनात नसला तर तो तिला आपल्या दिशेने वळवतो. एक अंश वाकडा असला तरी चार फुटांच्या प्रवासात तो फळीला २१ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त, बाजूला न्यायला बघतो. फळी ज्याला टेकून सरकते त्या गाईडपासून सुटते किंवा त्याच्यावर रेटली जाते, आणि मिस्त्रीला वाटतं लाकूडच वाकडं आहे. सुट्या गोळ्यांचं स्टँड वळवत नाही, कारण गोळी सगळीकडे फिरते. पण आडवं पडण्याचा धोका त्यालाही आहेच.

याच्यापुढे यंत्रालाच बिजागरीने जोडलेलं, काम झालं की खाली दुमडणारं पाटीचं टेबल शंभर पटीने चांगलं. त्याला जागा लागत नाही आणि ते धडकेने पडत नाही. सुताराला ते स्वतः बनवता येतं, ही त्याहून मोठी गोष्ट. अठरा मिलिमीटरची प्लाय, खालून दोन आडव्या पट्ट्या, वर सनमायका म्हणजे फळी सरकते, दोन बिजागऱ्या आणि मागच्या टोकाला पाय.

बसवायला घेतलं की अडचणी एकेक करून समोर येतात. सुरुवात बिडापासून. बिडाचं टेबल ठिसूळ असतं. त्यावर हातोडी चालवली किंवा कडेला भोक पाडताना जोर केला तर तडा जातो. म्हणून मागच्या कडेला आधीच बोल्ट असतील तर त्याच बोल्टांवर लोखंडी अँगल धरायचा आणि बिजागऱ्या अँगलला लावायच्या. मोटर किंवा पट्टा मागच्या बाजूला असेल तर टेबल दुमडल्यावर त्याला घासत नाही ना, हे प्लग काढून आधी हाताने पाहायचं.

मग उंची. सुताराच्या भाषेत नवं टेबल करवतीच्या टेबलापेक्षा अर्धा सूत खाली हवं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा अर्धा सूत साधारण दीड मिलिमीटर. वर राहिलं तर फळीचं टोक त्याच्या कडेला अडकतं, आणि फळी पात्यातच थांबणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. फार खाली गेलं तर फळी पुन्हा कलते. मोजायला साधी युक्ती आहे: करवतीच्या टेबलावर सरळ पट्टी ठेवून ती मागे न्यायची आणि नव्या टेबलावर पट्टीखाली हॅक्सॉची दोन पाती एकावर एक सरकवायची. ती अडखळत, घासत गेली की उंची जमली. टेबलाची पुढची कड रंध्याने उतरती करायची म्हणजे वाकलेलं टोकही वर चढतं. आडवं कापायच्या गाईडसाठी करवतीच्या टेबलात खाचा असतील, तर तशाच खाचा मागेही पाडायच्या, थोड्या रुंद. नाहीतर गाईड नव्या टेबलाला ठोकरतो. या खाचांत भुसा साचतो; रोज ब्रशने काढला नाही तर फळीखाली त्याचाच उंचवटा तयार होतो.

आणि एवढं सगळं जमल्यावर कळंबची जमीन आपलं म्हणणं मांडते.

चिंतामणीच्या मंदिरात काही वर्षांनी पाणी वर येतं आणि मूर्तीपर्यंत पोचतं अशी ख्याती आहे. जमिनीखालची ही हालचाल भाविकांना देवाची वाटते. सुतारशेडमध्ये तिच्या धाकट्या भावंडाशी गाठ पडते. इथली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. तिच्यावर पातळ काँक्रीट किंवा फरशी टाकली असेल तर तीही हलते, आणि सगळीकडे सारखी हलत नाही. यंत्राच्या बुडाखाली एक हालचाल, चार-पाच फूट मागे टेबलाच्या पायाखाली दुसरी. उन्हाळ्यात अर्धा सूत खाली बसवलेलं टेबल श्रावणात अर्धा सूत वर आलेलं असू शकतं, आणि त्या दिवशी पहिली फळी त्याच्या कडेला अडकते. जमिनीवर उभं राहणाऱ्या रोलरची तर या मातीत रोजच नवी उंची. म्हणून काही सुतार टेबलाचा पाय जमिनीवर टेकवतच नाहीत. त्याऐवजी यंत्राच्या धडापासून तिरका अँगल वर नेऊन टेबलाला टेकू देतात. यंत्र हललं तर टेबलही त्याच्याबरोबर हलतं. हलक्या यंत्रावर मात्र हे चालत नाही. ३० किलोचा ताव मागे गेला की यंत्रच कलायला बघतं. तिथे यंत्र आधी जमिनीत बोल्टने आवळावं लागतं, किंवा पाय जमिनीवर टेकवून त्याच्या तळाशी फिरता बोल्ट द्यावा लागतो.

तो बोल्ट १० मिलिमीटरचा घ्यावा. त्याच्या नेहमीच्या आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर असतं, म्हणजे पान्याचा एक पूर्ण फेरा जवळजवळ अर्धा सूत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, माती पार सुकलेली असताना, एकदा पट्टी ठेवून पाहायचं. पोळ्यानंतर, माती पाण्याने भरलेली असताना, पुन्हा. प्लग काढायचा, पट्टीखाली हॅक्सॉची दोन पाती सरकवायची, फरक दिसला तर पाना लावायचा. पट्टीचं दुसरं टोक धरायला पोरगा मागे उभा असतोच, पात्यापासून साडेचार फुटांवर.