आराखडा कुणाच्या मालकीचा?

जुना रेडिओ किंवा बिघडलेला चार्जर उघडला, की आत एक पातळ पाटी दिसते. एका बाजूला सुटे भाग, दुसऱ्या बाजूला तांब्याच्या बारीक वाटा. हाच छापील सर्किटबोर्ड, म्हणजे पीसीबी. काचतंतू आणि इपॉक्सीच्या साधारण १.६ मिलिमीटर जाडीच्या पाटीवर सुमारे ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा पापुद्रा असतो. हव्या तेवढ्या वाटा झाकायच्या आणि उरलेलं तांबं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवून टाकायचं. पण वाटा एकमेकींना न छेदता कुठून न्यायच्या? खरं डोक्याचं काम हेच. पूर्वी ते कागदावर हाताने होई, आता संगणकावर होतं.

काही वर्षांपूर्वी पाण्याची टाकी भरल्याचा इशारा देणारं एक सर्किट आम्ही विद्यार्थ्यांसाठी विकतच्या एका प्रोग्रॅमवर काढलं होतं. पुढे त्यात एक रोधक वाढवायचा होता. फाइल आमच्याजवळ होती, पण परवान्याची मुदत संपलेली. फाइल उघडेना! शेवटी तयार बोर्डावरच्या वाटा भिंगातून पाहत सगळं पुन्हा काढलं. दोन दिवस गेले. तेव्हा प्रश्न पडला, की हा आराखडा नक्की कुणाचा?

हा प्रश्न आमच्यापुरता नाही. 'ईगल' हा १९८८ सालचा जर्मन प्रोग्रॅम जगभरच्या हौशी मंडळींच्या सवयीचा. त्याच्या मोफत आवृत्तीत दोनच थर आणि ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड, एवढीच मुभा असे. २०१६ मध्ये तो ऑटोडेस्क कंपनीने घेतला, २०१७ मध्ये त्याला वर्गणी लागू झाली. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की ७ जून २०२६ पासून तो बंद होईल. म्हणजे वर्षानुवर्षांचे आराखडे दुसरीकडे हलवणं आलंच.

मग जायचं कुठे? एक चांगली वाट म्हणजे 'की-कॅड'. फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये तो सुरू केला. पुढे जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेनेही त्याच्या विकासाला हातभार लावला. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने त्याचाच आधार घेऊन 'ई-सिम' तयार केलं आहे. हे प्रोग्रॅम फुकट मिळतात, पण खरा मुद्दा तो नाही. फुकट देणारा उद्या पैसे मागू शकतो. मुक्त स्रोत म्हणजे प्रोग्रॅमची मूळ संहिता सर्वांसाठी खुली. ती कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी. मूळ मंडळी थांबली तरी इतरांना काम पुढे नेता येतं. शिवाय की-कॅडची फाइल साध्या मजकुराची असते. साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी भागांची नावं वाचता येतात.

ईगलच्या फाइली की-कॅडमध्ये आणता येतात. मात्र आणल्या आणि झालं, असं समजू नका. प्रत्येक भागाची दोन रूपं असतात. एक सर्किटच्या आकृतीतलं चिन्ह, दुसरं बोर्डावरचा ठसा, म्हणजे भोकांची प्रत्यक्ष जागा. दोन्हींचा मेळ चुकला, की घोटाळा. उदाहरणार्थ, बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे ट्रान्झिस्टर दिसायला सारखेच. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून पहिल्याचे पाय कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्याचे नेमके उलट! आकृती बरोबर असूनही बोर्ड चालणार नाही.

म्हणून एक सोपी कृती. बोर्डाचं चित्र मूळ मापात कागदावर छापा. कागद थर्मोकोलवर ठेवून खरे भाग त्यावर टोचून पाहा. आयसीच्या पायांमधलं २.५४ मिलिमीटर अंतर जुळतं का, ते विद्यार्थ्यांनाच तपासू द्या. कागद वाया गेला तर रुपयाचं नुकसान, बोर्ड वाया गेला तर बरंच जास्त.

बोर्ड बनवणाऱ्याला आपला प्रोग्रॅम लागत नाही. त्याला लागतात 'गर्बर' फाइली, आणि त्या कुठल्याही चांगल्या प्रोग्रॅममधून निघतात. तेव्हा हातातलं काम अर्धवट सोडून बदल करू नका. आधी एक छोटा बोर्ड नव्या प्रोग्रॅमवर करून पाहा. आणि जुना प्रोग्रॅम उघडतो आहे तोवर प्रत्येक आराखड्याची गर्बर फाइल आणि छापील प्रत काढून ठेवा. आम्ही हे तेव्हा केलं असतं, तर भिंग लागलं नसतं.